सदर कुत्रा माझा नाही

…आणि वर मलाच विचारतात, "काय हो, तुमच्या कुत्र्याला घरी खायला घालत नाही का?" माझ्या! माझ्या कुत्र्याला! सकाळी आठची वेळ, माझ्या तोंडात टाचण्या, समोर गिऱ्हाईक एक हात वर करून उभं, आणि फोनवर पाववाला बोंबलतोय, "अर्धा ट्रे खाल्ला हो, अर्धा ट्रे!" आता तोंडात टाचण्या असताना माणूस बोलणार काय? मी आपलं "उं उं उं" केलं, तर तो म्हणतो, "रडताय कशाला, कुत्रा बांधून ठेवा!" आणि आपटला फोन! तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षं झाली मला शिलाईच्या धंद्यात, दर वर्षी दोन इंच वाढणारी पोटं सांभाळली, 'वजन कमी करणारच आहे, जरा घट्टच शिवा' म्हणणारी माणसं सांभाळली, पण हे असलं लचांड कधी गळ्यात पडलं नव्हतं. आणि मुख्य म्हणजे, एकदा नीट ऐकून घ्या, मागाहून घोटाळा नको… कुत्रा माझा नाही!

मग कुणाचा? शेजारच्या व्याख्यातेसाहेबांचा. माझं दुकान आणि त्यांचं घर, मध्ये एकच भिंत. साहेब गावोगाव फिरून व्याख्यानं देतात. विषय काय, तर 'जबाबदारी घ्यायला शिका'. हसू नका, खरंच! त्यांचा तो व्याख्यानाचा बंद गळ्याचा कोटसुद्धा मीच शिवलाय. माणूस वाईट नाही हो, अजिबात नाही, आवाज तर असा की 'दूध नासलंय' म्हणाले तरी टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पण बोलायला लागले की आधी माझ्या खांद्यावर हात ठेवतात. माझ्या खांद्याचं माप त्या माणसाला माझ्याहून चांगलं ठाऊक असेल, इतक्यांदा तो हात तिथे पडलाय. "मित्रा…" झालं! 'मित्रा' म्हटलं की समजायचं, आता आपल्या डोक्यावर काहीतरी बसणार.

तर कुठल्याशा गावात व्याख्यान झालं आणि तिथल्या लोकांनी पुष्पगुच्छाऐवजी पिल्लू दिलं. भर व्यासपीठावर! आता 'जबाबदारी घ्यायला शिका' यावर दीड तास बोललेला माणूस, हजार लोकांसमोर 'नको' कसं म्हणणार? घेऊन आले. नाव काय ठेवलं? ध्येय! व्याख्यानात सांगायचे, "ध्येयाच्या मागे धावा!" आणि इकडे अख्खी गल्ली धावतेय की त्याच्या मागे, हातात झाडू घेऊन! आमची ही त्याला पांढऱ्या म्हणते. कारण तो पांढरा आहे. आमच्या घरी विषय सरळ असतात.

साहेब महिन्यातले एकोणतीस दिवस बाहेर. जाताना अंगणात एक बादली पाणी ठेवणार आणि फाटक अर्धं उघडं. मी एकदा म्हटलं, "साहेब, कुत्रा मोकाट फिरतोय." आला हात खांद्यावर! "मित्रा, प्रश्न कुत्र्याचा नाहीच आहे. प्रश्न दृष्टिकोनाचा आहे. बांधलेला जीव वाढत नाही. मी त्याला अवकाश दिलाय." अवकाश! बादलीतलं पाणी हिरवं झालेलं, ताटली कोरडी ठणठणीत, पाठीवरचे केस गेलेले, बरगड्या मोजता येत होत्या… आणि मी पडलो शिंपी, मला दिसलं की मोजायची सवय! लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, दुसरं काय.

मग त्या अवकाशातून फिरत फिरत स्वारी यायची कुठे? माझ्या दुकानात. कापड कापायच्या टेबलाखाली माझं चिंध्यांचं पोतं असतं. मऊ, उबदार, वर मशिनचा खडखडाट म्हणजे अंगाईगीत. तीन गिरक्या घ्यायच्या आणि धप्प! आता झोपला तर झोपेना का बापडा, माझं काय जातं? पण केस, केस! कुत्रा पांढरा, आणि त्या वेळी माझ्याकडे काम कसलं, तर बँडवाल्यांचे बारा कोट. रंग? काळा! कुळकुळीत काळा! बँडमास्तर ट्रायलला आला, कोट चढवला, आरशासमोर उभा राहिला, आणि मला म्हणतो, "टेलर, आम्ही वाजवायला जाणार आहोत की पिठाच्या गिरणीतून आलोय?" मी ब्रश मारतोय, ओल्या फडक्याने पुसतोय, चिकटपट्टी लावून ओढतोय, आणि खालून हा शेपूट आपटतोय, की उडाले आणखी शंभर! घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात, पण निदान घोड्यावर बसता तरी येतं! "कुत्रा सांभाळता का हल्ली?" बँडमास्तर विचारतो. मी म्हटलं, मास्तर, कुत्रा माझा नाही.

हां, एक सांगायचं राहिलंच. दिवसभर माझ्याकडे लोळणार, पण संध्याकाळचे सहा वाजले ना, की हा उठायचा. घड्याळ लावून घ्या! कोपऱ्यावर सहाची बस थांबते. कधीतरी साहेब त्या बसमधून उतरले असतील, तेवढं याने धरून ठेवलेलं. उठायचा, अंग झाडायचा (माझ्या कोटांवर, अर्थात), आणि जाऊन साहेबांच्या बंद दारासमोर बसायचा. भुंकणं नाही, रडणं नाही. बस आली की एक कान वर. माणसं उतरायची, आपापल्या घरी जायची, कान खाली. तासभर बसून मग परत माझ्या पोत्यावर. रोज! मला असा राग यायचा म्हणून सांगू… कुणाचा यायचा ते अजून कळलेलं नाही, पण यायचा.

आता तुम्ही म्हणाल, टेलरकाका, कुत्रा शेजाऱ्याचा, मग गावातले सगळे फोन तुम्हालाच का? अहो, तेच तर! तिथेच तर मी माती खाल्ली!

थंडी पडली. म्हणजे अशी की सकाळी कात्री हातात धरवत नाही. हा आपला टेबलाखाली कुडकुडतोय, त्याच्यामुळे टेबल हलतंय, टेबलामुळे माझी खडूची रेघ वाकडी. आमची ही शेजारी बसून बटणं लावत होती. म्हणाली, "अहो, ते कोटांचं कापड उरलंय, त्यात काही होईल का?" मी म्हटलं, "कशात काय होईल?" "काही नाही, आपलं विचारलं." लग्नाला तीस वर्षं झाली, ज्यांची झाली असतील त्यांना सांगायला नको, 'आपलं विचारलं' म्हणजे काय. म्हणजे हुकूम सुटलेला असतो, फक्त तामील व्हायचा बाकी!

घेतला टेप. आणि तुम्हाला सांगतो, आयुष्यात इतकं गुणी गिऱ्हाईक मला भेटलं नाही! माणसं माप देताना पोट आत ओढतात, खांदे उचलतात, फोनवर बोलतात. हा चारी पाय रोवून उभा. गळा तेरा, छाती बावीस, पाठीची लांबी अठरा. छाती मोजताना तर श्वास धरून ठेवला हो त्याने! कुणी आपलं माप घेतंय याचंच त्याला इतकं कौतुक… असो. मापं वहीत लिहिली. माझी मापांची वही असते, बत्तीस वर्षांच्या बत्तीस वह्या, गावातली प्रत्येक छाती त्यात आहे. तारीख टाकली, मापं टाकली, आता 'नाव' या रकान्यात काय लिहायचं? आमच्या धंद्यातली रीत अशी, की ज्या कपड्याची पावती फाडायची नाही, मेव्हण्याची पँट, सासऱ्यांचा सदरा, तिथे नावाच्या जागी लिहायचं, 'घरचं'. हात आपोआप लिहितो. लिहिलं आणि वही मिटली.

कोट काय झाला म्हणून सांगू! काळं कापड, आत लाल अस्तर, पोटाखाली दोन पितळी बटणं, मुंढ्याला, म्हणजे पुढचे पाय घालायच्या भोकांना, मोकळीक ठेवलेली, पळताना काचू नये म्हणून. आणि कोट पूर्ण झाला की शिंपी काय करतो? बत्तीस वर्षं काय करत आलोय? खण उघडतो, लेबल काढतो, चार बाजूंनी टाके घालतो. दुकानाचं नाव, खाली फोन नंबर. आता माणसाच्या कोटाला ते आत असतं. पण कुत्र्याच्या कोटाला आत लावलं तर टोचेल ना हो त्याला! म्हणून मी ते कुठे लावलं? बाहेर! मानेवर, मधोमध, लांबून वाचता येईल असं! हात दाखवून अवलक्षण, ते याला म्हणतात! मोकाट कुत्र्याच्या पाठीवर स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव शिवून त्याला गावात सोडून दिलं मी!

दुसऱ्या दिवसापासून फोन. पाववाल्याचं सांगितलंच. मग न्हावी, "टेलर, तुमचा कुत्रा माझ्या खुर्चीवर बसलाय आणि गिऱ्हाईक उभं आहे." मग शाळेच्या मुख्याध्यापिका, त्यांचा तो बर्फासारखा आवाज, "आपला कुत्रा तिसरीच्या वर्गात येऊन बसला आहे. तो निघायला तयार नाही, आणि मुलं पुस्तक उघडायला तयार नाहीत. पालकांनी ताबडतोब येऊन घेऊन जावे." पालक! मी! गेलो टेप गळ्यात तसाच, तर मागच्या बाकावर बसलाय शहाण्यासारखा, सगळ्या वर्गात तोच एक बाईंकडे बघतोय! आणि एका बाईंचा तर फोन, "कोटाची फिटिंग बघितली हो, काय सुरेख बसलाय, आमच्या टॉमीला शिवाल का?" म्हणजे मी बँडवाल्यांचे कोट शिवायचे की टॉमीचे? प्रत्येकाला एकच सांगत होतो. तोंडात टाचण्या असोत, चहा असो, काही असो, फोन उचलला की 'हॅलो'च्या आधी, कुत्रा माझा नाही!

आणि समोरच्या काकू! त्यांचा आम्हाला सगळ्यांना फार धाक आहे. काकू दिवसभर खिडकीत, आणि काकूंना आयुष्यात एकच प्रश्न पडलेला. रस्त्यात टॉवेल पडलेला दिसला, "कुणाचं आहे ते?" भिंतीला सायकल टेकलेली दिसली, "कुणाचं आहे ते?" ज्याला मालक नाही असली वस्तू काकूंना जगात चालतच नाही. हा साहेबांच्या दारात बसला की रोज संध्याकाळी वरून आवाज, "अहो टेलर, कुणाचं हो ते? कुणाचं आहे ते?" मी खालून ओरडायचो, "साहेबांचं!" "मग साहेब कुठेत?" "जबाबदारी शिकवायला गेलेत!"

शेवटी गेलो नगरपालिकेत. खिडकीपाशी कारकून, गळ्यात मफलर, पेनाचं टोपण चावतोय. म्हणाला, "लेखी अर्ज द्या." दिला. 'सदर कुत्रा माझा नाही, तरी बंदोबस्त व्हावा.' त्याने वाचला. "तुमचा नाही?" "नाही." "मग तुमचा संबंध काय?" "काहीच नाही." "संबंध नसलेल्या माणसाची तक्रार घेता येत नाही." "मग… आहे संबंध." "संबंध आहे? मग मालक तुम्ही." आता बोला! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! मी म्हटलं, "अहो, फक्त कोट माझा आहे!" तर म्हणाला, "तसं लिहून द्या." दिलं लिहून, 'सदर कुत्रा माझा नाही, तथापि सदर कोट माझा आहे.' असे तीन अर्ज दिले मी, तीन! तिन्हींवर गोल शिक्का. हे लक्षात ठेवा, हे शिक्के पुढे मलाच बसणार आहेत.

मध्ये एकदा साहेब एका संध्याकाळपुरते उगवले. कुत्रा? अहो, वेडा झाला! सहाच्या बसमधून ते उतरले आणि हा जमिनीवर पाय ठेवीना. मी ठरवूनच गेलो, आज भीक नको पण कुत्रा आवर, स्पष्ट सांगायचं. तोंड उघडलं, "साहेब—" पडला हात खांद्यावर! "मित्रा, मला सगळं कळलंय. तू जे करतोयस ना, यालाच मी व्याख्यानात 'स्वीकार' म्हणतो." पन्नास मिनिटं! अंगणात उभं राहून पन्नास मिनिटं! आणि बाहेर पडलो तेव्हा माझ्या एका हातात फाटकाची किल्ली आणि दुसऱ्या हातात साखळी. कुत्रा परत करायला गेलो होतो, सामान घेऊन आलो! सकाळी साहेब पुढच्या गावाला रवाना, आणि हा संध्याकाळी सहाला दारात.

मग मात्र मी चिडलो. म्हटलं, या सगळ्याचं मूळ ते लेबल. टेबलाखालून ओढला त्याला, उसवायची सुई घेतली आणि चारही बाजू उसवून लेबल काढून टाकलं. तो शांत उभा, परत एकदा माप घेताहेत वाटलं असेल त्याला. आमची ही बघत होती. 'आपलं विचारलं'सुद्धा नाही.

आणि फोन बंद! पहिला दिवस बंद, दुसरा दिवस बंद, तिसरा दिवस… मी सारखा फोन उचलून बघतोय, बिघडला की काय. काय ती शांतता! शिट्टी वाजवत बाह्या कापल्या मी.

चौथ्या दिवशी दुपारी गाडी आली. कुत्री पकडायची. काकूंनी फोन केला होता. त्यांना तरी कसा दोष देऊ? लेबल नाही, म्हणजे कुणाचंच नाही, आणि कुणाचंच नाही ते काकूंना बघवत नाही. गाडीवाला भला माणूस. कुत्रा माझ्या पायरीवर उन्हाला पडलेला. गाडीवाल्याने दारातून वाकून विचारलं, "टेलर, कुत्रा तुमचा आहे का? तुमच्या पायरीवर होता म्हणून विचारतो. असेल तर इथे सही करा, मी ठेवून जातो."

त्या दिवशी तोंडात टाचण्या असत्या ना… पण नव्हत्या. आणि दोन महिने घोकलेलं वाक्य, हात जसा आपोआप लेबल लावतो तसं तोंडातून आपोआप निघालं… "कुत्रा माझा नाही."

"बरं," तो म्हणाला आणि घेऊन गेला. कुत्र्याने काहीसुद्धा केलं नाही हो! फिरायला नेताहेत असं समजून आपणहून चढला गाडीत. जाळीतून बघत होता. अंगावर माझा कोट, मानेवर जिथे लेबल होतं तिथे चौकोन, आणि चारही बाजूंनी सुईची बारीक भोकं. ती भोकं मला इतक्या लांबून दिसत होती. माझीच होती ना.

आता सुटलो! बरोबर? जागा मोकळी, पोतं मोकळं, केस नाहीत, फोन नाहीत. बसलो मशिनवर. बँडमास्तर संध्याकाळी शेवटचा कोट न्यायला आला, घातला, आणि आरशात बघून म्हणाला, "टेलर, मला दोन डावे हात आहेत का?" बघतो तर काय, दोन्ही बाह्या डाव्या! बत्तीस वर्षांत माझ्या हातून कधी… शिकाऊ होतो तेव्हासुद्धा नाही! बँडमास्तर कोट ठेवून गेला. घड्याळात बघितलं, सहा वाजत होते. आमच्या हिने हातातलं बटण खाली ठेवलं आणि साहेबांच्या दाराकडे बघितलं. बस आली. माणसं उतरली. तिने बटण उचललं आणि लावायला घेतलं. मी म्हटलं, "काही म्हणालीस?" म्हणाली, "मी कुठे काय म्हणाले?"

साहेबांना फोन लावला. हो, मीच लावला! "साहेब, कुत्रा नेला हो कोंडवाड्यात! मालक आला नाही तर सातच दिवस ठेवतात, पुढचं मी फोनवर बोलत नाही!" पलीकडे टाळ्यांचा आवाज. "मित्रा, आत्ता व्यासपीठाच्या मागे उभा आहे, दोन मिनिटांत आत जायचंय. योगायोग बघ, आजचा विषय काय आहे माहितेय? 'सोडून द्यायला शिका'!"

ती रात्र सोडून द्या. सकाळी दुकान न उघडता गेलो कोंडवाड्यावर. आणि तिथे खिडकीत कोण? तोच! मफलर! त्याच्याकडे दोन्ही खाती! मी म्हटलं, "माझा कुत्रा न्यायला आलोय." मफलरवाल्याने पेनाचं टोपण तोंडातून काढलं. एक फाइल काढली. त्यातून एक कागद काढला. दुसरा काढला. तिसरा काढला. ओळीने मांडले, आणि मोठ्याने वाचायला लागला, "सदर कुत्रा माझा नाही. सदर कुत्रा माझा नाही. सदर कुत्रा माझा नाही, तथापि… कोट न्यायला आलात का?"

"नाही हो, कुत्रा!" "पण तो तुमचा नाही. तुम्हीच लिहून दिलंय, तीनदा, शिक्क्यासह." "अहो, माझाच आहे!" "पुरावा?" पुरावा! दोन महिने गावभर ओरडून सांगतोय तर एकाने विश्वास ठेवला नाही, आणि आज म्हणतोय माझा आहे, तर पुरावा! लेबल असतं तर… लेबल मी माझ्या हाताने उसवलेलं! आतून कुठूनतरी भुंकणं ऐकू येत होतं. इतकी कुत्री, पण त्यातलं एक… इतक्या दिवसांत तो कधी भुंकला नव्हता हो माझ्याकडे. तरी ओळखलं मी.

धावत घरी. मापांची वही काढली. वही छातीशी धरून धावत परत. या वयात! "हे बघा, ही तारीख, हे माप, माझ्या अक्षरातलं. याहून मोठा पुरावा शिंप्याकडे नसतो!" मफलरवाला पक्का. "चला, मोजून बघू," म्हणाला. कुत्र्याला बाहेर आणलं. मला बघितलं आणि काय केलं असेल? उड्या? छे! चारी पाय रोवले, छाती पुढे काढली आणि श्वास धरून उभा राहिला. मी टेप पुढे केला. मफलरवाल्यानेच धरला. "गळा तेरा, बरोबर. लांबी अठरा, बरोबर. छाती… चोवीस! वहीत बावीस आहे. माप जुळत नाही."

"अहो, भरलाय तो! आला तेव्हा बरगड्या दिसत होत्या! आमची ही रोज दूध-पाव घालते, दुपारी परत घालते, मला कळत नाही असं तिला वाटतं, आणि मी गिऱ्हाईक गेल्यावर बिस्किटं…" बोललो आणि जीभ चावली. मफलरवाल्याने माझ्याकडे बघितलं, मग वहीत बघितलं, बोट फिरवत रकान्यापर्यंत आला आणि थांबला. "नावाच्या जागी हे काय लिहिलंय?"

मी चष्मा लावून बघितलं. दोन महिन्यांपूर्वीची तारीख. माझंच अक्षर.

"घरचं," मी म्हटलं.

"मग मघापासून हेच का नाही दाखवलंत?" म्हणाला, आणि कोरा कागद पुढे सरकवला. चौथा अर्ज. तुम्हाला सांगतो, 'सदर कुत्रा माझा' इथपर्यंत झरझर आलो, आणि पुढे पेन सवयीने 'ना'वर गेलं! खोडलं. 'आहे' लिहिलं. शिक्का बसला, गळ्यात पितळी बिल्ला बसला, आणि आता कायद्याने, कागदोपत्री, शिक्क्यासह… झाला एकदाचा.

वाटलं, सुटलो. घरी आणला, नवं लेबल शिवलं, मानेवर, बाहेर, आठ बाजू असत्या तर आठही बाजूंनी टाके घातले असते. आमच्या हिने त्याला पोटभर खायला घातलं, मला चहा दिला, दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यात साखर बरोबर पडली. तो पोत्यावर, मी मशिनवर, ही बटणांवर. म्हटलं, झालं, संपलं. आणि सहा वाजले.

उठला. अंग झाडलं. आणि निघाला… साहेबांच्या दाराकडे! अहो, बिल्ला माझा, कोट माझा, लेबल माझं, चार-चार अर्ज माझे, आणि हा जाऊन बसला त्या बंद दारासमोर, एक कान वर करून! त्या अर्जावर मी सही केली, मफलरवाल्याने केली, त्याची कुणी घेतलीच नव्हती. मी हाका मारल्या. ढिम्म! साखळी आणली. नुसतं बघितलं माझ्याकडे. काय सांगू त्याला? 'बाबा रे, ते नाही येत, सोडून द्यायला शिक' म्हणू? माझ्याच्याने नाही झालं.

मग काय करणार, स्टूल उचललं, हातातल्या कोटाची काजं करायची होती, ती घेतली आणि जाऊन बसलो त्याच्या शेजारी. एकटाच काय बसायचा तो! आता रोज बसतो. सहा ते सात. तासात चार काजं होतात, वाईट नाही. बस येते, त्याचा कान वर होतो, आणि खरं सांगू का, हल्ली माझी मानही वर होते. माणसं उतरतात, जातात. परवा असेच बसलो होतो, दोघंही काळ्या कोटात, थंडी होती म्हणून मीही एक घातला होता, तो दोन डाव्या बाह्यांचा, तो दुसरं कोण घालणार? आणि समोरून खिडकी उघडली. चष्मा नव्हता वाटतं काकूंना. "अगंबाई, त्या दारात कोण बसलंय? रोज येऊन बसतात! कुणाचं आहे ते?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आमच्या दुकानातून, बटण लावता लावता, मान वर न करता, आमच्या हिचा आवाज आला,

"असू दे हो काकू. दोन्ही आमचीच आहेत."